ओळखीची पाटी

परदेशाचा प्रवास करून आलेल्या माणसाला आपल्या मंडळाच्या बैठकीत जे प्रश्न विचारले जातात, त्यांचा क्रम आता जवळजवळ ठरून गेलेला आहे. थंडी कितपत होती, विमानात झोप लागली का, तिकडचे रस्ते खरोखरच एवढे स्वच्छ असतात का, हे सारे प्रश्न पहिल्या चहाबरोबर संपतात; आणि मग कोणीतरी आपली खुर्ची जरा पुढे ओढून मुख्य प्रश्न विचारतो, "ते सगळे ठीक, पण खाण्याचे काय केलेत?"

या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याचे धैर्य फार थोड्यांच्या अंगी असते. पॅरिसचा पाव, रोमची कॉफी, व्हिएन्नाचा केक यांची वर्णने होतात, श्रोत्यांच्या तोंडाला पाणी सुटते, आणि एक गोष्ट सांगावयाची राहून जाते. ती अशी, की आठ दिवसांपैकी पाच दिवस हा गृहस्थ आपल्या दिल्लीतील घराच्या कोपऱ्यावर मिळतात त्याच बटाट्याच्या तळलेल्या कांड्या, तोच गोल पाव आणि त्याच कागदी पेल्यातील कॉफी यांच्यावर राहिलेला असतो. पिवळ्या कमानींची ती पाटी लांबून दिसली, की त्याचे पाय आपोआप तिकडे वळत असत. पण हे सांगितले तर लोक हसतील. "एवढे हजारो मैल गेलात, आणि खाल्लेत काय, तर हे?" असे कोणी विचारले तर त्यावर त्याच्याजवळ उत्तर नसते.

आम्हांला वाटते, या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते देण्यात लाज वाटावी असे काही नाही. निदान ज्यांचे आयुष्य बदल्यांत गेले, त्यांनी तरी अशा माणसाला हसू नये.

नव्या गावी पहिल्या संध्याकाळी उतरण्याचा प्रसंग ज्याने आठ-दहा वेळा अनुभवला आहे, त्याला ओळखीच्या पाटीची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही. सामान अजून मालगाडीत असते, बिऱ्हाड सरकारी विश्रामगृहाच्या एका खोलीत असते, चौकीदार बोलतो त्यातले निम्मे कळते आणि निम्मे समजल्यासारखे दाखवावे लागते. अशा वेळी भूक लागते ती नुसती पोटाची नसते. १९८४ साली आमची पहिली नेमणूक जबलपूरला झाली, तेव्हा ती संध्याकाळ आम्ही 'इंडियन कॉफी हाऊस'मध्ये काढली. पंख्यासारखा तुरा उभारलेला फेटा बांधून वाढणारा तो माणूस, ते जाड कपबशीचे आवाज, ते कटलेट आणि ती कॉफी आम्ही विद्यार्थिदशेत अन्य गावी पाहिलेली होती. पुढे दिल्लीत, कलकत्त्यात आणि केरळातही तीच पाटी भेटली, आणि दर वेळी 'चला, येथवर तरी आपण पोचलो' असे वाटले. या उपाहारगृहांचा इतिहासही आम्हां नोकरदारांना जवळचा वाटावा असाच आहे. कॉफी बोर्डाने चालविलेली ही उपाहारगृहे १९५० च्या दशकात बंद होऊ लागली, तेव्हा कामावरून कमी झालेल्या लोकांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था स्थापन केल्या आणि १९५७ पासून ती स्वतः चालवावयास घेतली. आज ठिकठिकाणी दिसणारी कॉफी हाऊस ही त्या संस्थांचीच.

उडप्याचे हॉटेल ही तर कोणा एका मालकाची साखळी नव्हे. तिला मुख्य कचेरी नाही, तिची नियमावली कोणी छापलेली नाही. तरीही गल्ल्यामागची उदबत्ती, संगमरवरी टेबल, आणि इडली, वडा, साधा डोसा, मसाला डोसा अशी एका दमात म्हटली जाणारी यादी ऐकली, की मराठी माणूस कोणत्याही गावी निर्धास्त होतो. तेव्हा ओळखीच्या पाटीखाली बसून जेवण्याची रीत काही आम्ही अमेरिकेकडून शिकलो नाही. अमेरिकेने तिचे शास्त्र केले, एवढेच.

ते शास्त्र मात्र खचित पाहण्यासारखे आहे. मॅकडोनाल्ड आडनावाच्या दोघा भावांनी १९४० साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो या गावी उपाहारगृह काढले. ते उत्तम चालत असताना १९४८ साली त्यांनी ते काही काळ बंद ठेवले, मोटारींपर्यंत खाणे नेऊन देणाऱ्या मुलींना रजा दिली, यादीतील बहुतेक पदार्थ काढून टाकून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ठेवले, आणि स्वयंपाकघराची मांडणी कारखान्यासारखी केली. एकाने भाजायचे, दुसऱ्याने पाव लावायचा, तिसऱ्याने गुंडाळायचे. गिऱ्हाइकाने स्वतः खिडकीपाशी येऊन पंधरा सेंटांत आपले खाणे घ्यावयाचे. दूध घुसळण्याची यंत्रे विकणारे रे क्रॉक नावाचे गृहस्थ हे पाहून इतके प्रभावित झाले, की १९५५ साली त्यांनी शिकागोजवळच्या डेस प्लेन्स येथे त्याच नावाने आपले दुकान उघडले, आणि तेथून पुढे ही पाटी जगभर गेली. पदार्थाची चव असामान्य होती असे कोणी म्हणत नाही. काल जशी होती तशीच आज असेल, आणि येथे जशी आहे तशीच तेथे असेल, हे त्या चवीचे वैशिष्ट्य.

आपल्या देशात ही पाटी आली ती ऑक्टोबर १९९६ मध्ये, दिल्लीच्या वसंत विहारात. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९५ साली, केंटकीच्या तळलेल्या कोंबडीचे देशातील पहिले दुकान बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर उघडले होते. त्या सुमारास आमची नेमणूक बंगळूरला होती, आणि कचेरीत जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडलेले आम्हांला आठवतात. एक तट म्हणे, हे आले की आपले हॉटेलवाले बुडाले. दुसरा म्हणे, आपले हॉटेलवाले बुडणार नाहीत, हेच जातील परत. प्रा. नंजुंडस्वामींच्या कर्नाटक राज्य रयत संघाने त्या दुकानाविरुद्ध मोहीम उघडली, आणि जानेवारी १९९६ मध्ये तेथे मोडतोडही झाली. आज मागे वळून पाहता दोन्ही तटांचे अंदाज चुकले असे दिसते. आपले डोसे जिथल्या तिथे आहेत, आणि तेही येथेच आहेत. मधल्या काळात झाले एवढेच, की ज्या पाटीवरून एके काळी मोर्चे निघाले, तिला आमच्या मुलांच्या पिढीने वाढदिवसाची जागा करून टाकले, आणि मुलांच्या मागोमाग आम्हीही तेथे जाऊन बसू लागलो.

मात्र येथे एक चमत्कार घडला, आणि तो परदेशी गेल्यावाचून ध्यानात येत नाही. ती पाटी भारतात आली ती आपले मूळचे पदार्थ बरोबर घेऊन आलीच नाही. गोमांस नाही आणि डुकराचे मांसही नाही. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध पदार्थाच्या जागी येथे मटणाचा 'महाराजा' आला, तोही पुढे कोंबडीचा झाला. बटाटा-वाटाण्याची टिक्की पावात बसली. शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकाच्या जागा वेगळ्या झाल्या, तेथे काम करणारांची वस्त्रेही वेगळ्या रंगांची झाली. म्हणजे आपण ज्याला विलायती म्हणून खात होतो, ते वस्तुतः आपल्याच स्वयंपाकघराची सोवळे-ओवळे समजून घेतलेले एक रूप होते. मग हाच भारतीय गृहस्थ जेव्हा परदेशी जाऊन त्या पाटीखाली शिरतो आणि टिक्की मागतो, तेव्हा समोरची मुलगी त्याच्याकडे कुतूहलाने पाहते. पाटी ओळखीची असते; तिच्या आतले बिऱ्हाड बदललेले असते.

बटाट्याच्या कांड्यांचेच उदाहरण घ्या. नाव तेच, लांबी तीच, कागदी खोकेही तेच. ब्रिटनमध्ये त्या निखळ वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जातात. अमेरिकेत मात्र १९९० साली चरबीऐवजी वनस्पती तेल वापरण्याचे जाहीर झाल्यावर अनेक हिंदू आणि शाकाहारी मंडळी त्या निःशंकपणे खाऊ लागली. पुढे त्यांत गोमांसापासून काढलेला स्वाद असतो असे उघड झाले, २००१ साली दावे दाखल झाले, आणि २००२ मध्ये कंपनीने क्षमा मागून तडजोड केली. शाकाहारी, हिंदू आणि इतर संस्थांना मिळून सुमारे एक कोटी डॉलर देण्याचे तीत ठरले. कोणाच्या धर्मभावनेची किंमत डॉलरांत कशी करावयाची हा प्रश्न बाजूला ठेवू. आमच्या विषयापुरता बोध इतकाच, की ओळखीची पाटी ही दाराबाहेरची गोष्ट आहे. दाराच्या आत प्रत्येक देशाने आपापला संसार मांडलेला असतो.

मग प्रवासी तेथे का जातो? चवीसाठी म्हणावे तर चव तीच नसते. स्वस्ताईसाठी म्हणावे, तर त्यात काही अंशी तथ्य आहे. सरकारी कामासाठी परदेशी गेलेल्या अधिकाऱ्याचे दैनिक भत्त्याशी असलेले नाते किती हळुवार असते, हे या अंकाच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. सुटकेसमध्ये चिवड्याचा डबा, थालीपिठाची भाजणी आणि विजेची किटली घेऊन निघणारे, आणि वाचलेल्या भत्त्यातून मुलांसाठी कॅमेरा घेऊन परतणारे किती तरी सज्जन आमच्या परिचयाचे आहेत. 'इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाने १९८६ पासून निरनिराळ्या देशांच्या चलनांची खरी किंमत त्या पाटीखालच्या एका पदार्थाच्या भावावरून मोजण्याची पद्धत काढली. मूळ कल्पना थोडी थट्टेची होती, पण अर्थशास्त्राचे विद्यार्थी आता ती गांभीर्याने अभ्यासतात. आम्हांला तिचे मुळीच आश्चर्य वाटत नाही. परक्या शहरात उतरल्यावर फळ्यावरचा तो भाव वाचून आपला भत्ता किती दिवस पुरेल, हा हिशेब आमच्या पिढीचे अधिकारी कोणत्याही साप्ताहिकाच्या मदतीवाचून मनातल्या मनात करीत आले आहेत.

तरीही खरे कारण आमच्या मते वेगळेच आहे. परक्या देशात माणूस दमतो तो चालून नव्हे, विचारून. गाडी कोठून सुटते, दार आत ढकलायचे की बाहेर ओढायचे, येथे बसल्यावर कोणी येते की आपण उठून जावयाचे, पाणी मागितले तर त्याचे पैसे पडतात का, बक्षिसी ठेवली नाही तर अपमान होतो की ठेवली तर होतो. घरी ज्या गोष्टी हात आपोआप करतात, त्यांतील प्रत्येकीला तेथे बुद्धी खर्च करावी लागते. दिवसभर असा सावध राहिलेला माणूस संध्याकाळी त्या पाटीखाली शिरतो आणि त्याचे खांदे सैल होतात. रांग कोठे लागते हे त्याला ठाऊक आहे. चित्रावर बोट ठेवले की पुरते. किंमत फळ्यावर लिहिलेली आहे. थाळी कोठे टाकावयाची, हात कोठे धुवावयाचे, हे विचारावे लागत नाही. हात धुण्याची जागा ही तर प्रवाशांची केवढी मोठी सोय आहे, हे सभ्यपणे सांगता येत नाही म्हणूनच कोणी सांगत नाही! तेथे तो अर्धा तास परका नसतो. त्या अर्ध्या तासाचे मोल पावाच्या आणि बटाट्याच्या मोलाहून कितीतरी अधिक आहे.

याच्या विरुद्ध जे म्हणतात, त्यांचे म्हणणेही आम्ही आदराने ऐकले आहे. १९८६ साली रोममध्ये प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांजवळच्या चौकात ही पाटी लागली, तेव्हा मोठी निदर्शने झाली. कार्लो पेत्रीनी आणि त्यांच्या मित्रांनी लोकांना इटलीचा स्वतःचा पदार्थ, पेन्ने, वाडग्यांतून वाटला. त्यातून जी चळवळ उभी राहिली तिने 'स्लो फूड' म्हणजे सावकाश जेवण हे नाव घेतले, गोगलगाय हे आपले चिन्ह केले, आणि १९८९ साली पॅरिस येथे अनेक देशांच्या प्रतिनिधींनी तिच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. गावोगावची बियाणी, गावोगावचे लोणी, आजीच्या हातच्या रीती जगभरच्या एका साच्यात नाहीशा होऊ नयेत, हे त्यांचे म्हणणे कोण नाकारील? ज्यांच्या घरी इंदूरला, बडोद्याला किंवा तंजावरला गेलेल्या पूर्वजांनी आपली आमटी टिकवून ठेवली, ते तर नाकारणार नाहीतच. आमचे म्हणणे एवढेच, की गोगलगायीचे घर तिच्या पाठीवर असते. ज्याचे घर पाठीवर नाही, त्याला रात्रीपुरती धर्मशाळा लागते.

आणि त्या धर्मशाळाही चिरंतन नसतात. ३१ जानेवारी १९९० रोजी मॉस्कोच्या पुष्किन चौकात ही पाटी लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी तीस हजारांहून अधिक माणसे कडाक्याच्या थंडीत रांगा लावून आत गेली. त्या रांगेत भुकेपेक्षा कुतूहल अधिक होते, आणि कुतूहलापेक्षाही, इतकी वर्षे बंद असलेले दार किलकिले झाल्याची भावना अधिक होती. एक पिढी त्या पाटीखाली वाढली. २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर कंपनी रशियातून निघून गेली, पाट्या उतरल्या, आणि त्याच जागी दुसऱ्या नावाची दुकाने उघडली. बत्तीस वर्षांची ओळख काही आठवड्यांत इतिहासजमा झाली.

आता एका अनुभवाविषयी सांगतो, कारण त्याने या बाबतीतले आमचे विचार जरा निराळ्या वाटेला लावले.

२०१६ साली सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आम्ही एका सरकारी प्रशिक्षणक्रमासाठी टोकियोत होतो, आणि आमच्या सौभाग्यवती काही दिवसांनी तेथे येऊन दाखल झाल्या. आम्ही स्वतः फारसे विधिनिषेध पाळीत नाही, परंतु सौ. कडक शाकाहारी, आणि एकादशीच्या बाबतीत तर माहेरच्या वारकरी घराण्याचे वळण. जपानात शाकाहारी माणसाची परीक्षा असते. दुकानांच्या दर्शनी कपाटांत मेणाच्या वाटाव्या अशा पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात, त्या पाहून वाटते की काही अडचण पडणार नाही. पण वरवर नुसत्या भाजीच्या दिसणाऱ्या रश्शातही बहुधा सुकविलेल्या माशाचा अर्क असतो. तेव्हा ओळखीच्या पाट्या शोधणे आले.

त्या पाट्यांनी तेथे मांडलेला संसार पाहून आमची मोठी करमणूक झाली. शरदातील पौर्णिमेचा चंद्र पाहण्याची जपान्यांची जुनी रीत आहे. आपल्या कोजागिरीची सख्खी नसली तरी चुलत बहीणच म्हणा. त्या दिवसांत त्या अमेरिकी पावात तळलेले अंडे घालतात, आणि त्या पिवळ्या वर्तुळाला चंद्र मानून सारे शहर ते खाते. केंटकीच्या कोंबडीचे तर १९७४ सालच्या एका जाहिरातीपासून असे झाले आहे, की ख्रिस्ती नसलेली कुटुंबेही नाताळच्या रात्रीसाठी ती आधीपासून सांगून ठेवतात. अमेरिकेतून आलेल्या वस्तूचा जपानने सण केला, आणि तो अमेरिकेत कोणी पाळीत नाही!

अशातच कार्तिकी एकादशी आली. साबुदाणा संपला होता. सौ. म्हणाल्या, "बटाटा तर चालतो. त्या दुकानात नुसते बटाटे मिळतात, मीठ तेवढे असते." इंग्रजीत 'फास्ट' म्हणजे जलद आणि 'फास्ट' म्हणजे उपवासही, तेव्हा तुमचा विचार भाषाशास्त्राला धरून आहे, असे आम्ही म्हणालो. त्यावर त्यांनी आमच्याकडे जसे पाहावयाचे तसे पाहिले.

एका अमेरिकी साखळीच्या दुकानात आम्ही गेलो. सौ. नी बटाट्याच्या चित्रावर बोट ठेवले, आणि मग, आमची अपेक्षा नसताना, हात जोडून त्या मुलीला आपल्या इंग्रजीत विचारले, "यात फक्त बटाटाच ना? मांस नाही ना?" मुलीला पुरते कळले नसावे, परंतु हा प्रश्न आहे, आणि विचारणारीच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे, एवढे कळले. मागे लोकांची रांग होती. ती 'हो' म्हणून मोकळी होऊ शकली असती. ती आत गेली, एका वयस्क सहकाऱ्याला घेऊन आली, दोघांनी एक छापील तक्ता वाचला, आणि मग तिने हातातल्या कागदी रुमालावर पेन्सिलीने एक चित्र काढले. चार पाय, दोन शिंगे, एक शेपूट. चित्र पुरे करून तिने पेन्सिलीचे टोक मागच्या तळणीकडे केले, आणि दोन्ही हातांनी फुली करून लवून क्षमा मागितली. बटाटे बटाट्यांचेच होते; ते ज्यात तळले जात, त्यात गाईची चरबी होती.

आम्ही तो रुमाल घेऊन बाहेर आलो. संध्याकाळ झाली होती, गार वारा सुटला होता, आणि सौ. सकाळपासून चहावर होत्या. त्या काही बोलत नव्हत्या. आमच्याही मनात फळांच्या दुकानाचा शोध चालू होता. इतक्यात शेजारच्या गल्लीतून ध्वनिक्षेपकावर एक लांबवलेली, जराशी उदास हाक ऐकू आली, आणि तिच्या मागोमाग धुराचा वास आला. एक लहानशी मोटारगाडी हळूहळू येत होती, तिच्या मागच्या भागात भट्टी होती, आणि एक म्हातारे गृहस्थ तापलेल्या खड्यांतून जांभळट सालीचे काही तरी चिमट्याने काढीत होते. त्यांनी एक मधोमध मोडून दाखविले. आत पिवळा गर, त्यातून वाफ निघत होती.

"अहो, रताळे!" सौ. म्हणाल्या. तो उच्चार आम्हांला अजून ऐकू येतो. परदेशी आपल्या गावचा माणूस अवचित भेटल्यावर आपण त्याचे नाव घेतो, तसा तो होता.

"इमो," म्हातारे म्हणाले.

"रताळे," सौ. नी त्यांना शिकविले. त्यांनी मान डोलावली. मग सौ. नी शास्त्रार्थ केला. तेल नाही, तूप नाही, भांडे नाही. अग्नी आणि दगड एवढेच. विठोबाला याहून शुद्ध काय हवे? कागदाच्या पिशवीत दोन रताळी घेऊन एका बाकावर बसून त्यांनी उपवासाचा फराळ केला, आणि आम्हीही त्यात सहभागी झालो.

त्या रात्री आम्ही या रताळ्याची कुळकथा थोडी चाळून पाहिली. जपानात त्याला सात्सुमाचा कंद म्हणतात, कारण सतराव्या शतकाच्या आरंभी ते चीनकडून र्युक्यू बेटांत आणि तेथून दक्षिणेच्या सात्सुमा प्रांतात आले. १७३२ च्या मोठ्या दुष्काळानंतर आओकी कोन्यो नावाच्या विद्वानाने त्याची लागवड पूर्वेकडे वाढावी म्हणून खटपट केली, आणि पुढच्या दुष्काळांत त्याने पुष्कळ माणसे जगविली. पण चीनला तरी ते कोठून आले? अमेरिका खंडातून. आपल्याकडेही तेथूनच. एवढेच नव्हे, तर सौ. च्या एकादशीच्या ताटातील बटाटा अमेरिकेचा, शेंगदाणा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, आणि आजचा आपला साबुदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओकाचा कंदही अमेरिकेचाच. कोलंबसानंतर पोर्तुगीज आणि इतर जहाजांतून ही सारी मंडळी पूर्वेकडे आली. ज्ञानेश्वरांच्या काळी यांतील एकही वस्तू पंढरीच्या वाटेवर कोणी पाहिलेली नव्हती. आपण ज्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा फराळ समजतो, तो एके काळी पाटीवाचून आलेला परदेशी पाहुणा होता. कोणी तरी आजीने त्याला पहिल्यांदा हातात घेऊन, वास घेऊन, मोडून पाहिले असेल, आणि 'चालेल' म्हटले असेल.

तेव्हापासून ओळख या गोष्टीचा आम्ही जरा वेगळा विचार करू लागलो. पाटीने जी ओळख मिळते ती विकत मिळते आणि लगेच मिळते. दमलेल्या माणसाला ती मिळावी, तिचा उपयोग त्याने निःसंकोच करावा. पण ती पाटीपाशीच राहते. दुसरी ओळख हळूहळू होते. ती करून घेण्यासाठी कोणी तरी हात जोडून विचारावे लागते, आणि कोणी तरी रांग थांबवून खरे उत्तर द्यावे लागते. त्या मुलीने 'हो' म्हटले असते तर आम्ही ओळखीच्या पाटीखाली बसून अनोळखी वस्तू खाल्ली असती. तिने गाय काढून दाखविली म्हणून आम्ही रस्त्यावर आलो, आणि अनोळखी गाडीवर घरची वस्तू सापडली. तिचे नाव आम्हांला ठाऊक नाही. कागदी रुमाल मात्र सौ. नी पोथीत ठेवला आहे.

म्हणून परदेशी निघालेल्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना आमचे सांगणे असे. पहिल्या रात्री खुशाल ओळखीच्या पाटीखाली जा, आणि मंडळाच्या बैठकीत ते खुशाल सांगाही. तुम्ही नव्या गावच्या विश्रामगृहात पहिली रात्र काढता, तशीच ती समजा. पण विश्रामगृहात कोणी कायमचे बिऱ्हाड करीत नाही. दोन-तीन दिवसांत आपण नव्या गावी दूधवाला कोण, वाणी कोण, भाजी कोठे चांगली मिळते, हे विचारावयास बाहेर पडतोच ना? परदेशी दिवस थोडे असतात, एवढाच फरक.

आता निवृत्तीनंतर आम्ही दिल्लीतच स्थायिक झालो आहोत. हिवाळा सुरू झाला, की येथे पदपथावर निखाऱ्यांत भाजलेली शकरकंदी विकणारे बसतात. लिंबू पिळून, चटपटीत मसाला घालून पानावर देतात. अनेक वर्षे आम्ही त्यांच्यावरून नुसते चालत गेलो होतो. आता कार्तिकी एकादशीला सौ. तेथे जाऊन उभ्या राहतात आणि मसाला न घालता, अखंड, सालासकट मागतात. गेल्या खेपेला त्या विक्रेत्याने न राहवून विचारले, की मसाल्यावाचून हे कोण खाते? सौ. नी त्याला गंभीरपणे सांगितले, की टोकियोत असेच देतात.